काटा अडला की रोज वेगळं खायचं का? झिगझॅग डाएटचा हिशेब

वजन कमी करता करता मध्येच अडकलं की सल्ले फुकट मिळतात. नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन फेऱ्या मारेपर्यंत तीन ऐकून होतात. सध्या जोरात असलेला सल्ला असा: रोज सारखंच खाल्लं की शरीराला त्याची सवय होते आणि ते चरबी सोडत नाही. म्हणून एक दिवस १२०० कॅलरी खा, दुसऱ्या दिवशी १८००, मध्येच एखादा दिवस २०००. शरीराला अंदाज लागू देऊ नका, काटा आपोआप हलेल. जिमवाले याला कॅलरी सायकलिंग म्हणतात, मोबाइलवर झिगझॅग डाएट या नावाने तक्ते फिरतात.

या सल्ल्यातली कृती बऱ्याच जणांच्या उपयोगाची आहे. कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं. आणि कारणच चुकीचं कळलं की कृतीही बिघडत जाते, कारण मग शरीराला चकवायचा दिवस म्हणजे मनसोक्त हाणायचा दिवस, असा सोयीचा अर्थ निघतो. तेव्हा काटा मुळात अडतो कशाने, तिथून सुरुवात करू.

काटा का अडतो

समजा, सिडकोत राहणाऱ्या एक बाई आहेत. वय ४२, उंची १६० सेंटिमीटर, वजन ७८ किलो, नोकरी बैठी. एवढ्या शरीराला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण १४०० कॅलरी लागतात. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं यांचा तो रोजचा खर्च. त्यावर घरकाम, जिने, बाजारहाट आणि खाल्लेलं पचवण्याचा खर्च धरला की आकडा १९७० च्या आसपास जातो. बाईंनी १५०० कॅलरींचा आहार धरला. रोजची तूट ४७० ची. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, त्या हिशेबाने महिन्याला पावणेदोन किलोंच्या वर उतरायला हवेत, आणि सुरुवातीला उतरतातही. पहिल्या पंधरवड्यात तर जास्तच, कारण तेव्हा पाणीही जातं. त्या पाण्याचं पुढे बघू.

काही महिन्यांनी त्या ७० किलोंवर आल्या. आता पोसायचं शरीर आठ किलोंनी कमी आहे. पडून राहण्याचा खर्च १३३० वर येतो, उठता-बसता आठ किलो कमी वाहावे लागतात, दिवसाचा एकूण खर्च १८६० होतो. शिवाय शरीर आपणहून थोडी काटकसर करतं. थायरॉइडचं टी-३ हे संप्रेरक जरा घटतं, स्नायू तेच काम कमी इंधनात करतात, हातपाय नकळत कमी हलतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रुडॉल्फ लाइबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केलं: वजन दहा टक्क्यांनी उतरलेल्या माणसाचा खर्च, शरीर लहान झालं म्हणून जेवढा घटायला हवा, त्याहून जास्त घटलेला असतो. आपल्या बाईंपुरती ही जादा काटकसर १०० कॅलरी धरू. म्हणजे खर्च १७६०, ताटात १५००, तूट २६०. आता महिन्याला जेमतेम एक किलो उतरणार. वेग जवळपास निम्म्यावर आला.

जुन्या डाएट चार्टांना हे ठाऊकच नव्हतं. मॅक्स विश्नॉफ्स्की या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये एका पौंडामागे ३५०० कॅलरी असा हिशेब मांडला, आणि पुढची पन्नासेक वर्षं जग त्यावर चाललं: रोज ५०० कमी खा, आठवड्याला एक पौंड घटेल, असंच वर्षानुवर्षं. त्या हिशेबाने कुणीही चार-पाच वर्षांत गायबच व्हायला हवं. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केविन हॉल यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दुरुस्त गणित दिलं. जाड माणसाने रोजच्या खाण्यात कायमची २४ कॅलरींची कपात केली तर वजनात शेवटी एक किलोचा फरक पडतो. त्यातला अर्धा पडायला सुमारे वर्ष लागतं आणि जवळजवळ पूर्ण पडायला तीन वर्षं.

यातून एक गंमतशीर प्रश्न निघतो. शरीराचा खर्च घटत घटत ताटातल्या आकड्याला येऊन मिळायला दोन-तीन वर्षं लागत असतील, तर बहुतेकांचा काटा सहाव्या-आठव्या महिन्यातच कसा अडतो? एवढ्या लवकर अडण्याचं खापर मेटाबॉलिझमवर, म्हणजे शरीराच्या ऊर्जा जाळण्याच्या वेगावर, फोडता येत नाही. हॉल यांचंही म्हणणं हेच, की तोवर ताटातला आकडा वर सरकलेला असतो आणि खाणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

“मिसळच तर खाल्ली”

“काय हो वहिनी, रविवारी काय होतं मग?”

“काही नाही हो, मिसळच तर खाल्ली. आणि रात्री फक्त वरण-भात.”

या “मिसळच तर” मध्ये काय काय असतं ते जवळून बघण्यासारखं आहे. रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळीच्या ठिकाणी टेबल मिळेपर्यंत अर्धा तास जातो, तेव्हा भूक कडकडून लागलेली असते. समोर ताट येतं. वाटीभर मटकीची उसळ, दीडशे कॅलरी. ताटातली ही सगळ्यात गुणी वस्तू. त्यावर मूठभर शेव-फरसाण, ५० ग्रॅम धरलं तर २७० च्या आसपास. काळ्या मसाल्याचा रस्सा, आणि त्याच्यावर जो लाल तवंग हलतो ते तेल. पोटात मोठे दोन चमचे तेल गेलं तरी २४० कॅलरी झाल्या, आणि रस्सा तर मागाल तितका मिळतो. दोन पाव २२०. तळलेला पापड ६०-७०. साडेनऊशे झाले. तिसरा पाव घेतला आणि शेवटी जिलबीचं एक वेढं तोंडात टाकलं की आकडा बाराशेला टेकतो. पुढचा चहा वेगळा.

मी मिसळीच्या विरोधात नाही, नाशकात राहून ते परवडणारही नाही. मुद्दा हिशेबाचा आहे. वहिनींनी, म्हणजे आपल्या सिडकोतल्या बाईंनी, सोमवार ते शुक्रवार काटेकोर १५०० पाळले, ७५०० झाले. शनिवारी संध्याकाळी बाहेर जेवण, दिवसाचे २३००. रविवारी मिसळ, दुपारची सुस्ती, चार वाजता चहाबरोबर चिवडा आणि रात्रीचा वरण-भात-तूप, मिळून २७००. आठवड्याची बेरीज १२,५००. सातने भागलं की रोजचे १७८५. आणि ७० किलोंवर खर्च किती होता? १७६०. तूट संपली! पाच दिवस कडक पथ्य पाळूनही काटा ढिम्म, आणि वहिनी मनापासून सांगणार की मी १५०० च खाते. त्या खोटं बोलत नाहीत. सातातल्या पाच दिवसांचं खरंच सांगताहेत.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी ‘बाराशेच्या आत खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या माणसांचा खरा खर्च पाण्यातल्या समस्थानिकांच्या पद्धतीने (खुणेचे अणू असलेलं पाणी पाजून ते शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात ते मोजून) तपासला. त्यांचा मेटाबॉलिझम मंद नव्हता. खाल्लेल्यापैकी सरासरी ४७ टक्के अन्न त्यांच्या नोंदीत आलंच नव्हतं, आणि व्यायाम मात्र खऱ्यापेक्षा ५१ टक्के जास्त लिहिला गेला होता. ही माणसं लबाड नव्हती. स्वयंपाक करताना चाखलेलं, मुलाच्या ताटात उरलेलं, पोळीला लावलेलं तूप, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. तेलाचा एक चहाचा चमचा म्हणजे ४५ कॅलरी. दुधाचा, दोन चमचे साखरेचा एक चहा नव्वदच्या आसपास. दिवसात चार झाले की एक जेवण झालं. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात द्राक्षांची पेटी येते. फळच आहे म्हणून येता-जाता घोस उचलला जातो, आणि अर्धा किलो द्राक्षांत साडेतीनशे कॅलरी असतात.

दुसरी गळती हालचालीची. जेम्स लेव्हिन यांनी मेयो क्लिनिकमध्ये १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जादा खाऊ घातल्या. १९९९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला त्याचा निष्कर्ष असा, की कोण किती जाडावलं हे बरंचसं व्यायामाव्यतिरिक्तच्या किरकोळ हालचालींवर ठरलं: चुळबुळ करणं, उठून पाणी घेणं, फोनवर बोलताना येरझाऱ्या घालणं. एकाच्या बाबतीत ही हालचाल दिवसाला जवळपास ७०० कॅलरींनी वाढली, एखाद्याची उलट घटली. खाणं कमी केल्यावर अशीच हालचाल आपल्या नकळत आटते. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही गाडी काढली जाते, भाजी ओट्याशी उभं राहून चिरण्याऐवजी खुर्चीत बसून चिरली जाते. मोबाइलमधली पावलांची मोजणी सुरू ठेवली तर हे डोळ्यांना दिसतं. सुरुवातीला ७००० पावलं असतील आणि आता ४५०० असतील, तर काटा अडल्याचं निम्मं उत्तर तिथेच सापडलं.

आता पाणी. स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, सगळा मिळून सुमारे अर्धा किलो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं घटलं की साठा आटतो, पाणी जातं, काटा झपकन खाली येतो. लग्नात जेवून आलात की साठा भरतो, मिठामुळे आणखी पाणी थांबतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दीड किलो जास्त. पाळीच्या आधी बायकांचं वजन असंच किलो-दीड किलोने चढतं. महिन्याला किलोभर चरबी उतरत असेल तर ती या चढउतारात सहज लपते. म्हणून काटा अडलाय असं ठरवायला रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, एकाच काट्यावर वजन घ्यायचं, आठवड्याची सरासरी काढायची आणि अशा चार सरासऱ्या शेजारी ठेवून बघायच्या. बायकांनी या महिन्याच्या पाळीनंतरचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडावा. कमरेला टेपही लावावी. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर धरतात. कमरेचा घेर उतरतोय आणि वजन जागेवर आहे, असं असेल तर काहीही बदलू नये.

शरीर फसतं का?

“फार कमी खाल्लं की शरीर चरबी धरून बसतं” हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की खरंच वाटायला लागतं. याची सगळ्यात कठोर परीक्षा मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झाली. अँसल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे निम्म्या खाण्यावर ठेवलं. त्यांचा मेटाबॉलिझम खूप घसरला. ते थिजले, चिडचिडे झाले, स्वप्नातही जेवू लागले. तरीही वजन उतरतच राहिलं, जवळपास एक चतुर्थांशाने. शेवटी अनेकांच्या पायांना सूज आली, म्हणजे पाणी साठलं, आणि त्या पाण्याने घट काही काळ झाकलीही. काटकसर खरी असते. चरबी धरून बसणं मात्र दिसलं नाही.

मग एखादा दिवस जास्त खाल्ल्याने मेटाबॉलिझमला झटका बसतो का? बसतो, पण किती ते पाहा. खाल्लेलं पचवायला सरासरी दहा टक्के ऊर्जा खर्ची पडते. ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या तर ५० जळाल्या, ४५० उरल्या. दुसरा आधार लेप्टिनचा दिला जातो. १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातच जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत या संप्रेरकाच्या जनुकाचा शोध लागला. चरबीच्या पेशी ते सोडतात आणि साठा किती शिल्लक आहे ते मेंदूला कळतं. खाणं घटवलं की चार-दोन दिवसांतच लेप्टिन घसरतं, भूक वाढते, खर्च घटतो. एखादा दिवस भरपूर भात-पोळी खाल्ली तर ते वर येतं हेही खरं. पण पुन्हा कमी खायला लागलं की पुन्हा खाली जातं. एका रविवारच्या जेवणाने मेंदूची समजूत निघत नाही.

गंगापूर धरणाची पातळी सप्टेंबरअखेर किती असेल ते पाऊस एका रात्रीत कोसळला की महिनाभर रिमझिमला यावर ठरत नाही. आलेलं वजा सोडलेलं, एवढंच उरतं. चरबीचा साठा याच हिशेबाने चालतो. रोज १५०० असोत किंवा एक दिवस १००० आणि एक दिवस २०००, आठवड्याची बेरीज सारखी असेल तर घट जवळपास सारखीच येते. प्रत्यक्ष चाचण्यांतही तेच दिसलं. शिकागोत १०० जणांवर वर्षभर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाने एक दिवस गरजेच्या २५ टक्के आणि दुसऱ्या दिवशी १२५ टक्के असं खाल्लं, दुसऱ्या गटाने रोज सारखं पण कमी. वर्षाअखेरीस एकाचं वजन ६ टक्के घटलं, दुसऱ्याचं ५.३ टक्के, हा फरक धरण्याजोगा नाही. मध्येच सोडून जाणारे मात्र पहिल्या गटात जास्त निघाले, ३८ टक्के, दुसऱ्यात २९. म्हणजे चढउतार फार तीव्र असला की माणूस कंटाळतो. आठवड्यातून दोन दिवस अगदी कमी खाण्याच्या पद्धतीचीही अशीच तुलना झाली आहे, निकाल तोच.

मग उपयोग कुठे?

उपयोग इथे, की आपला आठवडा मुळातच सपाट नसतो. सोमवार किंवा गुरुवार धरलेला असतो, संकष्टी असते, रविवार असतो, लग्नसराई असते. रोज १५०० च्या तक्त्यात हे काहीच बसत नाही, त्यामुळे दर रविवारी तक्ता मोडतो आणि तो मोडला की “आता सोमवारपासून” म्हणत संध्याकाळपर्यंत आणखी हजारेक कॅलरी पोटात जातात. चढउतार आधीच मान्य करून आठवड्याच्या बेरजेत बसवला तर रविवार तक्त्याच्या आतच राहतो. माझ्या मते झिगझॅगचा खरा फायदा हाच, आणि तो छोटा नाही.

वहिनींचा आठवडा १०,५०० चा. रविवारला २००० देऊ: मिसळ दोन पावांची, वरचा तवंग बाजूला सारून, जिलबी हवी तर एक, आणि रात्री हलकं. सोमवार १३००, मंगळवार १४००, बुधवार १५००. गुरुवारी उपास, १३००. शुक्रवार १४००, शनिवारी बाहेर जाणं होणार हे ठाऊकच आहे म्हणून १६००. बेरीज करून पाहा, १०,५०० च येते. वरच्या आणि खालच्या दिवसांत ७०० चं अंतर आहे. त्याहून ताणू नये असं मी म्हणेन. ११०० च्या दिवसानंतर २४०० चा दिवस ठेवला की २४०० चे ३२०० कधी होतात ते कळत नाही. आणि १२०० च्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशींत ५५ किलोंच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची गरज १६६० धरली आहे. यावरून १२०० किती कमी आहेत याचा अंदाज येतो.

खालच्या दिवशी काय कमी करायचं, हा यातला महत्त्वाचा भाग, आणि तोच तक्त्यांत सुटलेला असतो. तेल, साखर आणि पोळी-भाताची संख्या कमी करायची; प्रथिनं जशीच्या तशी. वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम, म्हणजे ७० किलोंना ७० ते ८७ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि ती रोज लागतात. ती घटली तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि पडून राहण्याचा खर्च आणखी उतरतो. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, ५० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत पंचवीस. मटकी, मूग, पिठलं, ताक आलटून पालटून आलं की शाकाहारी घरातही जमतं, फक्त ठरवून करावं लागतं.

इथेच उपासाचा घोळ आहे. गुरुवार खालचा दिवस म्हणून धरला आणि साबुदाण्याची खिचडी केली. ७५ ग्रॅम साबुदाणा २६०, ३० ग्रॅम दाण्याचं कूट १७०, दोन चमचे तूप ९०, बटाटा ४०. एका ताटलीचे साडेपाचशेच्या वर, आणि प्रथिनं आठ ग्रॅमही नाहीत. जी आहेत ती दाण्यांची. त्याऐवजी रोजचंच एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकी आणि ताक घेतलं असतं तर साडेतीनशेत भागलं असतं आणि प्रथिनं दुप्पट मिळाली असती. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याला कॅलरी मोजता येत नव्हत्या, पण नजर पक्की होती. उपास मोडायचा नसेल तर राजगिरा, दूध, दही, ताक, थोडे शेंगदाणे, एखादं फळ यांवर दिवस काढता येतो. खिचडी एखादी वाटी, ताटलीभर नको. संकष्टीला दिवसभर चहावर राहून चंद्रोदयानंतर रात्री साडेनऊला मोदकांसकट भरलं ताट समोर येतं, तेव्हा आवरणं अवघड जातं. संध्याकाळी सहाला एक ग्लास दूध आणि फळ घेतलं तर ताट आपोआप आटोक्यात येतं.

सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी वारांच्या तक्त्याकडे बघूच नये. रात्रपाळीच्या आठवड्यात झोप तुटलेली असते, भूक भलत्या वेळी लागते, कँटीनमध्ये वडा समोर असतो. त्या आठवड्यात रोज थोडीच तूट ठेवावी आणि पहिल्या पाळीच्या आठवड्यात जास्त. ज्यांचं वजनांचं प्रशिक्षण किंवा अंजनेरीसारखी चढाई असते त्यांनी वरचा दिवस त्या दिवशी ठेवावा. मात्र स्मार्ट घड्याळ दाखवतं तेवढ्या कॅलरी जळाल्या असं धरून वर खाऊ नये.

पंधरा दिवसांची विश्रांती

रोजच्या चढउतारापेक्षा मला जास्त विचार करण्याजोगा वाटतो तो मोठा टप्पा. ऑस्ट्रेलियात नुआला बर्न यांच्या गटाने ५१ लठ्ठ पुरुषांवर केलेला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. एका गटाने सलग सोळा आठवडे गरजेच्या दोन-तृतीयांश खाल्लं. दुसऱ्यानेही तेवढेच सोळा आठवडे कमी खाल्लं, पण दर दोन आठवड्यांनंतर दोन आठवडे गरजेइतकं पूर्ण. त्यामुळे त्यांना तीस आठवडे लागले. सलगवाल्यांचं वजन सरासरी ९ किलो घटलं, थांबत थांबत जाणाऱ्यांचं १४ किलो, आणि त्यांच्यातली शरीराची काटकसरही कमी निघाली. इतका फरक पाहून अनेकांनी लगेच चीट वीक, म्हणजे पथ्य सोडून खायचे आठवडे, सुरू केले! पण त्या विश्रांतीत कुणी मनसोक्त खात नव्हतं. जेवण पुरवलेलं होतं, मोजलेलं होतं, आणि वजन स्थिर राहील एवढंच होतं. पुढे २०२१ मध्ये वजनांचा व्यायाम करणाऱ्यांवर आठवड्याच्या विश्रांतीचा प्रयोग झाला, तिथे चरबी दोन्ही गटांत सारखीच घटली. भूक मात्र विश्रांती घेणाऱ्यांना कमी जाणवली. माझा कल असा: विश्रांतीने जादा चरबी जाईल या आशेने ती घेऊ नये, थकवा, चिडचिड, सतत खाण्याचा विचार सुरू झाला असेल तर जरूर घ्यावी.

ती घ्यायची कशी? वहिनींचा आताचा खर्च १७६०, तर पंधरा दिवस रोज १७५० च्या आसपास. जादाचे अडीचशे भाकरी, भात, फळं यांतून. पहिल्या तीन-चार दिवसांत काटा एखाद किलो चढेल. ते ग्लायकोजेन आणि पाणी; तिथे घाबरून पुन्हा १२०० वर उडी मारणारे बरेच असतात. दुसऱ्या आठवड्यात वजन त्या नव्या जागी स्थिर राहिलं, तर खर्चाचा आपला अंदाज बरोबर आहे हेही त्यातून कळतं. नंतर परत १०,५०० च्या आठवड्यावर यायचं.

आणि बेरीज प्रामाणिक आहे, पावलं तेवढीच आहेत, चार आठवड्यांच्या सरासऱ्या आणि कंबर दोन्ही जागेवर आहेत, असं असेल तर तो खरा प्लॅटो, म्हणजे वजन खरोखरच अडलेलं. तिथे आठवड्याच्या बेरजेतून आणखी सात-आठशे काढणं किंवा रोज अर्धा तास चालणं वाढवणं, एवढेच मार्ग राहतात; झिगझॅग त्यांना पर्याय होऊ शकत नाही. थायरॉइडची तपासणी एकदा करून घ्यावी. स्टेरॉइडसारखी काही औषधंही वजन अडवतात, ती डॉक्टरांना विचारावीत.

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि वाढीच्या वयातल्या मुला-मुलींनी या कशातही पडू नये. कधी खाण्याशी भांडण झालेल्यांनी, म्हणजे पोटभर खाऊन उलटी काढणं किंवा दिवसच्या दिवस उपाशी राहणं हे ज्यांच्या बाबतीत घडलं आहे, त्यांनीही नाही. मधुमेहींसाठी तर दिवसागणिक कमी-जास्त खाणं थेट धोक्याचं ठरू शकतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी १८०० च्या दिवशी जेवढी घेतली तेवढीच १३०० च्या दिवशी घेतली तर साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. त्यांनी तक्ता आधी डॉक्टरांसमोर ठेवावा, कोणत्या दिवशी डोस किती ते लिहून घ्यावं, आणि खालच्या दिवशी खिशात चार साखरेचे खडे किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी.